रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे



गेल्या पंधरवड्यात आलेली पत्रे बहुतेक नेहमीची होती. हरभऱ्यावरची घाटेअळी, कांद्याच्या रोपांची मर, विहिरीच्या पाण्याचा खारेपणा. त्यांची उत्तरे पुढल्या खेपेस देतो. एक पत्र मात्र वेगळे होते आणि ते दोनदा वाचून मी बाजूला ठेवले. एका बागाईतदार भावाने लिहिले आहे : "थोरला मुलगा तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. मोबाईलचे अ‍ॅप करण्याची भाषा शिकतोय म्हणतो. सुट्टीत घरी आला की दिवसभर लॅपटॉपपुढे बसतो. विचारले तर म्हणतो, चूक शोधतोय. काल जी चूक शोधत होता तीच आजही शोधतोय. कांद्याची लागण तोंडावर आली आहे. तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारतो, हे शिकणे झाले की वेळ घालवणे?"

आता मी पडलो कृषी पदवीधर. आमचे शिक्षण माती, बियाणे आणि किडी यांतले. आमच्या वेळी कॉलेजात कॉम्प्युटर होता, पण तो काचेच्या दारामागे. तेव्हा या विषयावर अधिकाराने बोलण्याचा माझा दावा नाही. परंतु माझ्या थोरल्या भावाची मुलगी हेच शिकते, आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या शेजारी बसून मी चार-पाच रात्री हा चुका शोधण्याचा प्रकार डोळ्यांनी पाहिला. त्या चुकांपायी गावातल्या एका म्हातारीचे चारशेवीस रुपये गेले होते. ते कसे गेले आणि कसे सापडले, हे सांगितले म्हणजे पत्राचे उत्तर आपोआप होईल.

त्याचे असे झाले. आमच्या भावाच्या गावी दूध संकलन केंद्र आहे. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, दर दहा दिवसांनी बिल होते. सचिव वहीत लिहीत आणि बेरजा करताना रात्रीचे बारा वाजवीत. पुतणीने त्यांना एक अ‍ॅप करून दिले. सभासदाचा नंबर, लिटर आणि फॅट टाकले की रक्कम तयार. सगळे खूष. पोरीचे गावात नाव झाले.

हे अ‍ॅप तिने कोटलिन नावाच्या भाषेत लिहिले होते. रशियात सेंट पीटर्सबर्ग शहराजवळ कोटलिन नावाचे बेट आहे, त्यावरून हे नाव पडले. जेटब्रेन्स या कंपनीने २०११ साली ही भाषा जाहीर केली, २०१६ साली तिची पहिली पक्की आवृत्ती आली, २०१७ साली गूगलने अँड्रॉइड फोनसाठी तिला मान्यता दिली आणि २०१९ पासून अँड्रॉइडच्या नव्या कामाला हीच भाषा आधी वापरा असे गूगल सांगू लागले. तुमच्या-माझ्या हातातल्या अँड्रॉइड फोनवरची कितीतरी अ‍ॅप आज हिच्यातच लिहिलेली आहेत. ही भाषा फुकट आहे आणि तिच्यात लिहिण्याचे अवजार, ज्याला अँड्रॉइड स्टुडिओ म्हणतात, तेही फुकट आहे. फक्त ते चालायला लॅपटॉप बऱ्यापैकी दणकट लागतो. ८ जीबीपेक्षा कमी रॅम असली तर ते बैलाला घाटात चढवल्यासारखे चालते. मुलाला जुना लॅपटॉप घेऊन देणार असाल तर एवढे पाहून घ्या.

भाषा म्हटले तरी तिच्यात गप्पा मारायच्या नसतात. फोनला हुकूम लिहून द्यायचा असतो. आणि फोन हा सांगकाम्या गडी आहे. सांगितले तेवढेच करतो, न सांगितलेले समजून घेत नाही. लिहिलेला हुकूम फोनला कळेल अशा रूपात आणणारा एक कार्यक्रम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. हा कंपायलर खडूस तपासनीस आहे. हुकमात घोटाळा दिसला तर तो पुढे जाऊच देत नाही. कोटलिनचा तपासनीस तर एका बाबतीत फारच कडक, आणि आपली सगळी गोष्ट त्या एका बाबतीचीच आहे.

आमच्या खात्यात पावसाच्या नोंदी ठेवतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पर्जन्यमापकात पाणी नसले तर रकान्यात शून्य लिहायचे. पण मापक फुटला, किंवा मोजणारा रजेवर गेला, तर शून्य लिहायचे नाही, आडवी रेघ मारायची. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रेघ म्हणजे पडला की नाही ते ठाऊक नाही. नोकरीच्या सुरुवातीस एका कारकुनाने सगळ्या रेघांच्या जागी नीटनेटकी शून्ये भरून तक्ता पाठवलेला मी पाहिला आहे. तक्ता दिसायला सुंदर होता. त्यातली सरासरी मात्र त्या मंडळात दुष्काळ पडला असे सांगत होती, आणि तिकडे ओढे वाहत होते.

कॉम्प्युटरच्या भाषेत या रेघेला 'नल' म्हणतात. म्हणजे इथे काहीच नाही, आकडाही नाही आणि शून्यही नाही. टोनी होअर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेत ही सोय केली. करायला सोपी होती म्हणून केली, असे त्यांनीच सांगितले. पुढे २००९ साली त्यांनी भर सभेत कबूल केले की ती आपली अब्ज डॉलरची चूक होती. कारण असे, की जुन्या भाषांत कोणत्या रकान्यात आकडा आहे आणि कोणत्यात रेघ, हे वरून कळतच नसे. कार्यक्रम आकडा समजून हात घाली आणि रेघ लागली की जागेवर कोसळे. चालू अ‍ॅप एकाएकी बंद पडते ते पुष्कळदा यामुळे. पोरे त्याला 'क्रॅश' म्हणतात.

कोटलिनने या रोगावर उपाय केला तो असा. दशांश आकड्याला तिथे 'डबल' म्हणतात. नुसते डबल लिहिले तर त्या रकान्यात आकडा असलाच पाहिजे. पुढे प्रश्नचिन्ह लावून 'डबल?' असे लिहिले तर आकडा असेल किंवा नसेल. आणि प्रश्नचिन्हवाल्या रकान्याला तपासनीस तसा हात लावू देत नाही. तो आधी विचारतो, नसला तर काय करशील ते सांग. हा प्रश्न चांगला आहे. गडबड होते ती आपण त्याला काय उत्तर देतो त्यात.

पुतणीने पहिल्यांदा दिलेले उत्तर होते दोन उद्गारचिन्हे. कोटलिनमध्ये रकान्यापुढे '!!' लिहिले की त्याचा अर्थ, माझ्या जबाबदारीवर जाऊ दे, आकडा आहेच. तपासनीस गप्प बसतो. दिवाळीआधी एका संध्याकाळी गावची लाईट गेली, फॅट मशीन बंद. दूध तर मोजून घ्यायलाच हवे, म्हणून सचिवांनी लिटर टाकले आणि फॅट रिकामे सोडले. अ‍ॅप बंद पडले. पुन्हा उघडले, पुन्हा बंद. बाहेर किटल्या घेऊन माणसे उभी. सचिवांनी फोनवरून पोरीला काय ऐकवले ते इथे छापण्यासारखे नाही.

पोरगी घाबरली. रात्री तिने तो हुकूम आजकालच्या त्या कृत्रिम बुद्धीच्या मदतनिसाला दाखवला आणि विचारले, हा क्रॅश कसा थांबवू? त्याने क्षणात उत्तर दिले. '!!' काढ आणि '?:' टाक, पुढे शून्य लिही. या चिन्हाचा अर्थ, आकडा असेल तर तो घे, नसेल तर पुढे दिलेला घे. एल्व्हिस प्रेस्ली नावाचा एक अमेरिकन गायक होता, त्याच्या कपाळावरच्या केसांच्या कोंबड्यासारखे हे चिन्ह आडवे पाहिल्यावर दिसते, म्हणून याला 'एल्व्हिस' म्हणतात. शहाण्या माणसांनाही चेष्टा सुचते, ती अशी. असो. तिने बदल केला आणि क्रॅश थांबला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा लाईट गेली, अ‍ॅप व्यवस्थित चालले, सचिवांनी तिला शाबासकी दिली.

मी त्या मदतनिसाला दोष देणार नाही. त्याला विचारले होते क्रॅश थांबव, त्याने थांबवला. फॅट नसली तर दुधाचे काय करायचे, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

मग बिल झाले. गावात एक आजी आहेत, एकट्या राहतात, एक म्हैस आहे. पाळीला चार लिटर दूध घालतात. तिथला दर फॅटवर आहे. समजायला सोपा म्हणून एका फॅटला ७ रुपये ५० पैसे धरा. आजींच्या म्हशीला ७ फॅट लागते, म्हणजे लिटरला ५२ रुपये ५० पैसे. दहा दिवसांच्या वीस पाळ्या, ८० लिटर, ४,२०० रुपये. हातात आले ३,७८०.

आजी भावाच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी तिथेच होतो. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सरकारातले. जरा बघा बरं. म्हशीनं पान्हा चोरला न्हाई, मी एक पाळी चुकवली न्हाई. मग ह्ये पैसे गेलं कुठं?"

मी म्हटले, "आजी, एखाद्या पाळीला दूध कमी गेले असेल."

"भिंतीवर कोळशानं रेघ मारती मी रोज. दहा दिसाच्या ईस रेघा. चला, दावते."

आम्ही गेलो. चुलीमागच्या भिंतीवर वीस रेघा होत्या. पुतणीने अ‍ॅपमधली यादी उघडली, तिथेही वीस ओळी होत्या, लिटरही बरोबर. मग तिने एकेक ओळ पाहिली. लाईट गेलेल्या त्या दोन संध्याकाळी फॅट शून्य आणि रक्कम शून्य. चार आणि चार आठ लिटर दूध, आणि कमी आले किती, तर ४२० रुपये. आकडाही नेमका कसा आला पाहा! पोरीच्या मनात चारशेवीशी नव्हती, पण तिचा चेहरा पडला. कारण तिला एक गोष्ट लगेच कळली. त्या दोन संध्याकाळी आजी एकट्या नव्हत्या. रांगेतल्या सगळ्यांच्याच दुधाची किंमत शून्य झाली होती. ज्यांचे बिल पंधरा-वीस हजारांचे, त्यांच्या ध्यानात आले नव्हते इतकेच.

पहिल्या वेळी अ‍ॅप कोसळले तेव्हा सगळ्या गावाला चूक दिसली. दुसऱ्या वेळी चूक गप्प बसून राहिली. मला विचाराल तर कोसळणारे अ‍ॅप परवडले. उसाला हुमणी लागल्यासारखे हे. वरून पीक हिरवे, आणि मुळे खाल्लेली.

त्या रात्री तिने तपासनिसाला तिसरे उत्तर लिहिले. फॅट नसेल तर दर काढायचाच नाही. ओळ लाल करायची आणि तिच्यापुढे 'फॅट बाकी' लिहायचे. लाल ओळ शिल्लक आहे तोवर त्या सभासदाचे बिल बंद होणार नाही. मागल्या पाळ्यांची सरासरी धरायची असेल तर सभासदाला विचारून सचिवांनी स्वतः बटण दाबायचे, अ‍ॅपने परस्पर धरायची नाही. कोटलिनच्या दृष्टीने ही चार-सहा ओळींची कामगिरी. पण ती लिहायच्या आधी तिला केंद्रात जाऊन विचारावे लागले, की मशीन बंद पडते तेव्हा तुम्ही वहीत काय करीत होता? सचिव म्हणाले, "मागच्या तीन दिवसांची सरासरी." हे तिला सुट्टीच्या आधी कोणी सांगितले नव्हते, आणि तिनेही विचारले नव्हते.

वाटले, संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवांचा निरोप आला : "सगळ्या गावाची फॅट बाकी दाखवतंय. लाईट आहे, मशीन चालू आहे, फॅट मी टाकतोय."

ही दुसरी चूक तिने दोन दिवस शोधली. पत्रलेखक बंधूंनी इथे लक्ष द्यावे, तुमचा मुलगा म्हणतो तो प्रकार हाच. तिच्या फोनवर सगळे बिनचूक चाले. सचिवांच्या फोनवर नाही. अ‍ॅप तेच, हुकूम तेच. सचिवांनी पाडव्याला नवा फोन घेतला होता, एवढाच फरक. मी बसल्या बसल्या तो फोन हातात घेतला आणि म्हटले, "याचे तर सगळे मराठीत आहे, वाचायला किती बरे!" पोरगी उडालीच. तिचा फोन इंग्रजीत लावलेला होता, सचिवांचा मराठीत.

घोटाळा असा होता. अ‍ॅप फॅटचा आकडा एका दशांश स्थळापर्यंत नीट मांडून अक्षरांच्या रूपात साठवी, आणि हिशेबाच्या वेळी तीच अक्षरे वाचून पुन्हा आकडा करी. मांडताना कोणत्या भाषेत मांडायचे हे हुकमात सांगितले नसेल तर फोन आपली चालू भाषा घेतो. मराठी लावलेला फोन मराठी अंक काढतो. आपल्या शाळेत शिकवतात ते अंक, त्यात चूक काही नाही. पण कोटलिनमध्ये अक्षरांचा दशांश आकडा करणारा जो हुकूम आहे, त्याला फक्त इंग्रजी अंक वाचता येतात. त्याने मराठीतले 'साडेसहा' पाहिले आणि म्हटले, हा आकडा नव्हे. म्हणजे नल. म्हणजे फॅट बाकी.

आणि गंमत पाहा, पूर्णांकाचा हुकूम मात्र मराठी अंक वाचतो! सभासदाचा नंबर मराठी अंकांतही बरोबर ओळखला जाई. म्हणूनच तिला मराठी अंकांचा संशय आला नाही. अर्धे चालते आणि अर्धे चालत नाही, अशी चूक सर्वांत जास्त वेळ खाते.

याचा उपाय तिने दोन प्रकारे केला. साठवायचा आकडा अक्षरांत साठवायचाच नाही, आकडा म्हणून साठवायचा. आणि जिथे अक्षरे करणे भागच आहे, जसे दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवताना, तिथे हुकमात 'लोकेल.यूएस' असे स्पष्ट लिहून इंग्रजी अंक मागायचे. पडद्यावर माणसाला दाखवायला मात्र मराठी अंकच ठेवायचे. सचिवांनी तो फोन मराठीत लावला तो हौसेने नव्हे, त्यांना तसा वाचता येतो म्हणून. त्यांना इंग्रजीत लावायला सांगणे हा उपाय नव्हे, ती पळवाट झाली. अनेक अ‍ॅपवाले ती काढतात.

मग तिने मला एक दाखवले. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये त्या ओळीखाली पहिल्या दिवसापासून पिवळी खूण होती. तिच्यावर बोट ठेवले की लिहून येई : भाषा न सांगता आकडा मांडणे हे चुकांचे नेहमीचे मूळ आहे. महिनाभर ती खूण तिथे होती. लाल नाही ना, मग राहू दे, असे पोरीने केले होते. आम्हीही पाने पिवळी पडतात तोवर कुठे बघतो!

एवढे झाल्यावर मला हुरूप आला. मी म्हटले, "बाई, आमच्या कामाचे एक करून दे. गुंठे टाकले की खत किती ते सांगणारे." तिने अर्ध्या तासात करून दिले. एकरी ४० किलो युरिया धरला आणि मी ३० गुंठे टाकले. यायला हवे ३० किलो. आले शून्य. ७० गुंठे टाकले. यायला हवे ७०, आले ४०.

ही तिसरी चूक कोटलिन शिकणाऱ्या बहुतेक पोरांना भेटते. दोन पूर्णांकांचा भागाकार केला तर ही भाषा उत्तरही पूर्णांकच देते. दशांश भाग तोडून टाकते. ३० भागिले ४० म्हणजे पाऊण, पण तिच्या लेखी शून्य. ७० भागिले ४० म्हणजे पावणेदोन, तिच्या लेखी एक. इथे तपासनीस काहीच बोलत नाही, कारण भाषेच्या नियमाने ते बरोबर आहे. उपाय क्षुल्लक. ४० ऐवजी ४०.० लिहायचे, की ती दशांश ठेवते. पण पाहा, ३० गुंठ्यांना शून्य आले तर कोणीही हसेल आणि अ‍ॅप फेकून देईल. ७० गुंठ्यांना ४० किलो आले तर? ते खरे वाटते. शेतकरी तेवढे टाकतो आणि मग पीक पिवळे का, म्हणून मला बोलावतो. म्हणून मी तिला सांगितले, पूर्ण एकराचे आकडे टाकून अ‍ॅप तपासू नकोस. एक एकर, दोन एकर टाकले तर चूक कधीच दिसणार नाही. आपल्याकडे वाटण्या होऊन जमिनी राहिल्यात त्या ३०, ७०, ११ गुंठे अशाच. त्या टाकून पाहा.

पैशांचीही एक गोष्ट सांगतो. कोटलिनच्या डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ येत नाही. ०.३०००००००००००००००४ येते. मला खरे वाटेना, तिने करून दाखवले. कारण असे, की यंत्र दोनच अंकांत मोजते, आणि त्याच्या मोजणीत एक दशांश नेमका बसत नाही, जसा आपल्या दशांशात एक तृतीयांश बसत नाही आणि ०.३३३ असे लांबत जाते. म्हणून पैशांचा हिशेब डबलमध्ये करायचा नाही. सगळी रक्कम पैशांत आणून पूर्णांक ठेवायचा. ५२ रुपये ५० पैसे म्हणजे ५,२५० पैसे. शंभरने भागायचे ते फक्त पावती छापताना. आमच्या आजोबांच्या वेळी आणे-पै होते, तेही शेवटी पै करूनच बेरीज मारीत.

आणखी पुष्कळ आहेत. यादीतली पहिली वस्तू शून्यावर मोजतात, म्हणून दहा सभासदांत दहावा मागितला की अ‍ॅप कोसळते. फोन आडवा केला की अँड्रॉइड तो पडदा मोडून नवा उभा करतो, आणि लिहिलेले जपून ठेवण्याची तजवीज केली नसेल तर अर्धी भरलेली नोंद जाते. गावात रेंज नसते तेव्हा अ‍ॅप सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत थांबले आणि पाच सेकंद बोटाला दाद दिली नाही, तर फोन विचारतो, हे बंद करू का? त्यासाठी लांबचे काम बाजूच्या गड्याकडे द्यायचे आणि पडदा मोकळा ठेवायचा. कोटलिनमध्ये त्या सोयीला 'कोरूटीन' म्हणतात. मुलगा हे कॉलेजात शिकेलच, मी लांबण लावत नाही.

चूक शोधायची कशी, एवढे मात्र सांगतो. तिथे माझा धंदा आणि पुतणीचा धंदा सारखा आहे. अ‍ॅप कोसळले की स्टुडिओच्या 'लॉगकॅट' नावाच्या खिडकीत लाल अक्षरांत पंचवीस-तीस ओळी येतात. पोरे त्या पाहून घाबरतात आणि न वाचता हुकूम बदलत सुटतात. त्यांत 'कॉज्ड बाय' अशी ओळ शोधायची, म्हणजे मूळ कारण. तिच्याखाली आपल्या स्वतःच्या फाईलचे नाव येईल तिथे ओळीचा क्रमांक दिलेला असतो. रोग्याने स्वतः दुखती जागा दाखवावी, तसे हे. मग एका वेळी एकच बदल करायचा आणि चालवून पाहायचे. खत आणि बियाणे दोन्ही एकदम बदलले तर उतारा कशाने वाढला ते सांगता येत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको.

तर बंधू, तुमच्या पत्राचे उत्तर असे. मुलगा एक चूक दोन दिवस शोधतो, यात काळजीचे काही नाही. आमच्या पोरीला मराठी अंकांनी दोन दिवस खाल्ले. संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, काय व्हायला हवे होते आणि काय होतेय? तुम्हांला कळो न कळो, त्याला सांगावे लागेल, आणि सांगता सांगताच पुष्कळदा त्याची त्याला सापडेल. चूक सापडून अ‍ॅप चालू लागले तर आणखी एक विचारा : रकाना रिकामा सोडला तर ते काय करते? कांद्याच्या लागणीला मात्र त्याला सकाळी दहापर्यंत न्या. चूक कुठे पळून जात नाही.

आजींचे ४२० रुपये पुढल्या बिलात जमा झाले. त्यांच्याबरोबर त्या दोन संध्याकाळच्या सगळ्याच सभासदांचे झाले. सचिव अजून कुरकुरतात. त्यांचे म्हणणे, ती लाल ओळ काढून टाक, तिच्यामुळे बिल बंद व्हायला एक दिवस उशीर होतो. पुतणीने मला फोन करून विचारले, "काका, काढू का?" मी म्हटले, "आजींना विचार." ती विचारायला गेली तेव्हा आजी चुलीपुढे होत्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. एक दीस उशीर झाला तर म्हस काय दूध द्यायची थांबती व्हय?" भिंतीवरच्या रेघा त्यांनी अजून बंद केलेल्या नाहीत.